ढाणकीची रात्र, मेक्सिकोचं झाड

ग्लोबवर ढाणकीवर बोट ठेवा आणि अक्षांशाची रेघ न सोडता पश्चिमेकडे सरकत जा. पैनगंगेचं खोरं मागे पडतं, मराठवाडा संपतो, नगर जिल्हा ओलांडून वसई-पालघरच्या किनाऱ्यावर बोट समुद्रात उतरतं. मग ओमानचं वाळवंट, तांबडा समुद्र, सुदान, सहारा, अख्खा अटलांटिक, हैती. त्यानंतर बोट पुन्हा मोठ्या जमिनीवर चढतं ते मेक्सिकोत. उमरखेड तालुक्यातलं ढाणकी आणि मेक्सिकोची राजधानी मेक्सिको सिटी, दोन्ही विषुववृत्ताच्या उत्तरेला साडेएकोणीस अंशांच्या आसपास. याचा अर्थ असा, की कुठल्याही तारखेला दोन्हीकडची रात्र सारख्याच लांबीची असते. 21 जूनला पावणेअकरा तासांची, 21 डिसेंबरला तेरा तासांची.

माणसाला या जुळणीचा काही उपयोग नाही. एका झाडाला मात्र आहे, आणि ते झाड डिसेंबर आला की पुण्या-नागपूरच्या नर्सऱ्यांत कुंड्यांमधून ओळीनं मांडलेलं असतं. पॉइन्सेटिया. नाव जिभेवर बसत नाही म्हणून गिऱ्हाईक ‘ते नाताळचं लाल पानांचं’ असं म्हणून उचलतं. नाताळ होतो, नवं वर्ष लागतं, महिन्या-दोन महिन्यांत लाल पानं झडतात आणि कुंडी जिन्याखाली जाते. युरोपात आणि उत्तर अमेरिकेच्या बऱ्याच भागात तर हे झाड एका मोसमाचंच समजतात. त्यांचंही बरोबर आहे, तिथल्या बर्फात ते बाहेर एक रात्रही काढणार नाही. पण ही कुंडी कुणी शहरातून ट्रॅव्हल्सनं ढाणकीला आणली, तर गोष्ट वेगळी होते. इथे तिला अंगणातल्या मातीत लावता येतं, आणि लावलं की आपल्या कमरेखालचं हे रोप तीन-चार मीटरचं झाड होऊ शकतं. एवढंच नाही, तर दर हिवाळ्याला कुणी न सांगता ते पुन्हा लाल होतं.

तो लाल रंग आधी नीट पाहू. ज्याला आपण फूल म्हणतो ती पानं आहेत. फुलाजवळची पानं रंगायची पद्धत बोगनवेलीतही आहे, पण पॉइन्सेटियाची खरी फुलं पाहायला नाक झाडाला लावावं लागतं. लाल पानांच्या मधोमध मुगाएवढ्या हिरव्या-पिवळ्या गाठींचा झुबका असतो. प्रत्येक गाठ हा एक पेला. त्या पेल्यात मध्ये एक मादीफूल आणि भोवती बरीच नरफुलं. एक नरफूल म्हणजे एक पुंकेसर, बस्स. पाकळी नावाला नाही. पेल्याच्या कडेला एक पिवळी ग्रंथी असते, तिच्यातून मध पाझरतो. इतक्या लहान फुलांकडे लांबून कोण बघणार? म्हणून जाहिरातीचं काम पानांनी अंगावर घेतलेलं आहे. मेक्सिकोत ती जाहिरात वाचून गुंजनपक्षी आणि फुलपाखरं येतात. इकडे आपले शिंजीर येतात का, हे झाड लागलं की बघण्यासारखं आहे.

असला पेला ढाणकीच्या शेतकऱ्यानं पाहिलेला आहे, फक्त त्याच्याकडे कौतुकानं पाहिलेलं नाही. सोयाबीन आणि पऱ्हाटीत निंदताना हाताला दुधासारखा चीक लावणारं ते तण, मोठी दुधी, पॉइन्सेटियाचं सख्खं भावंड आहे. दोघंही युफोर्बिया या एकाच वंशातली, दोघंही अमेरिका खंडातून आलेली. एकासाठी आपण पैसे मोजतो आणि दुसऱ्यावर तणनाशक मारतो. पुढच्या खेपेला दुधी उपटली की तिचा शेंडा भिंगाखाली धरून पाहा: तोच पेला, तीच ग्रंथी, फक्त लाल जाहिरात नाही.

आता खरा चमत्कार. हे झाड लाल कधी व्हायचं ते कसं ठरवतं? थंडीवरून नाही, पावसावरून नाही, वयावरूनही नाही. ते रात्र मोजतं.

हे कळायला माणसाला 1920 साल उजाडावं लागलं, आणि ज्या पिकांनी ते शिकवलं त्यातलं एक आज ढाणकीच्या चारी बाजूंना उभं असतं. वॉशिंग्टनजवळच्या सरकारी प्रयोगक्षेत्रात गार्नर आणि अलार्ड हे दोन शास्त्रज्ञ एका तंबाखूनं हैराण झाले होते. ‘मेरिलँड मॅमथ’ नावाचा तो वाण उन्हाळाभर माणसाच्या डोक्यावर वाढत राही, पण फुलत नसे. तोच हिवाळ्यात काचघरात लावला, तर लहानपणीच फुले. दुसरं कोडं सोयाबीनचं. ‘बिलॉक्सी’ वाण थोड्या थोड्या दिवसांच्या अंतरानं पेरला, तरी आधीचं काय आणि नंतरचं काय, सगळं सप्टेंबरातच फुलोऱ्यावर येई. दोघांनी तापमान, ओलावा, खत, सगळं तपासून पाहिलं. शेवटी भर उन्हाळ्यात रोज दुपारी रोपं अंधाऱ्या खोपटात ढकलून पाहिली. ती फुलली! झाड दिवसाची लांबी ओळखतं, असं त्यांनी छापलं.

यात थोडी चूक होती, ती पुढच्या लोकांनी दुरुस्त केली. झाडाचं लक्ष दिवसाकडे नसून रात्रीकडे असतं. लांब रात्रीच्या मध्यावर काही वेळ दिवा लावला, तर दिवस तेवढाच राहूनही फुलणं थांबतं. उलट दिवसा काही वेळ अंधार केला तर झाडाला त्याचं सोयरसुतक नसतं. त्याला हवी असते सलग, न तुटलेली रात्र.

ढाणकीच्या तुरीनं हे कधीच सांगून ठेवलंय, आपण त्याला शास्त्र म्हटलं नाही इतकंच. जूनमध्ये पेरलेली तूर माणसाच्या उंचीची होते आणि मग फुलते. तीच सप्टेंबरात पेरली तर गुडघ्याएवढी असतानाच फुलायला लागते. झाड लहान आहे का मोठं, याची रात्रीला पर्वा नसते. उशिरा पेरलेलं सोयाबीन बुटकं राहतं त्यातही या रात्रीचा हात आहे. पऱ्हाटी या भानगडीत पडत नाही. आजचे लागवडीचे बहुतेक वाण रात्र लहान असो की मोठी, आपल्या वयानं पात्या धरतात.

पॉइन्सेटियाला साधारण बारा तासांच्या आसपासची सलग रात्र लागते. ढाणकीत सप्टेंबरचा शेवटचा आठवडा सरता सरता रात्र दिवसाच्या पुढे जाते. म्हणजे घटस्थापनेच्या सुमारास, जरी घट चंद्रावर चालतो आणि झाड सूर्यावर, त्यामुळे अधिक महिना आला की दोघांची चुकामूक होते. त्या दिवसांत झाडाकडे पाहिलं तर काहीच दिसत नाही, पण शेंड्यांमध्ये निर्णय झालेला असतो. तिथून आठ-दहा आठवड्यांनी, नोव्हेंबर संपताना, वरची पानं रंगायला लागतात. रात्री फार उबदार राहिल्या तर आणखी उशीर होतो. मार्चमध्ये रात्र पुन्हा आखडली की झाड हिरव्या वाढीकडे वळतं. बिटरगावच्या बाजूला पैनगंगा अभयारण्यात पळस पेटतो, तोवर अंगणातला हा लाल विझत आलेला असतो.

रात्र मोजतं कोण? पानं. शेंडा नाही, हे फार गमतीचं आहे. फुलायचं शेंड्याला असतं आणि वेळ कळते पानाला. पानांत फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य असतं. अमेरिकेतल्या बेल्ट्सव्हिल इथे बोर्थविक आणि हेंड्रिक्स यांच्या गटानं 1952 मध्ये लेट्यूसच्या बियांवर लाल उजेड टाकून त्याचा माग काढला. लाल उजेड पडला की हे द्रव्य एका रूपात जातं. डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या, लालाच्या पलीकडच्या उजेडात ते मागे फिरतं. अंधारातही हळूहळू फिरतं. झाडाच्या आतलं चोवीस तासांचं घड्याळ आणि हे रंगद्रव्य यांचा मेळ बसला की रात्र पुरेशी लांब झाल्याचं पानाला कळतं. मग पानातून शेंड्याकडे निरोप निघतो. असा निरोप असलाच पाहिजे असं मिखाइल चैलाख्यान या आर्मेनियन शास्त्रज्ञानं 1937 मध्ये मांडलं आणि त्याला ‘फ्लोरिजेन’ असं नावही दिलं. निरोप्या मात्र कुणाला सापडेना. सत्तर वर्षांनी, 2007 मध्ये, भात आणि मोहरीच्या कुळातलं एक रोपटं यांच्यावर काम करणाऱ्यांनी दाखवलं, की तो एक लहानसा प्रथिनाचा रेणू आहे. पानात तयार होतो आणि अन्नरसाच्या वाटेनं शेंड्यापर्यंत पोचतो. 

म्हणूनच कुंडीतलं झाड अंगणात लावताना पहिला प्रश्न मातीचा नाही, दिव्याचा आहे. ज्या कोपऱ्यावर नगरपंचायतीच्या खांबाचा एलईडी रात्रभर पडतो, तिथे झाड वाढेल, हिरवंगार राहील, आणि नाताळाला नुसतं बघत बसेल. मंद उजेडही त्याची रात्र तोडायला पुरतो. ओसरीचा बल्ब, गेटवरचा दिवा, शेजाऱ्याची बाहेरची ट्यूब, सगळे सारखेच गुन्हेगार. दिव्याच्या खांबाखालचं सोयाबीन बाकीचं वाळलं तरी हिरवं राहतं, त्याचं कारणही हेच. चांदणं मात्र चालतं. कोजागरीची पौर्णिमा नेमकी झाडाच्या निर्णयाच्या दिवसांत येते, पण पूर्ण चंद्राचा उजेड विजेच्या दिव्याच्या मानानं इतका क्षीण, की फायटोक्रोम त्याची दखल घेत नाही. आणि ऑक्टोबरात रात्री लाइट गेली तर घरातलं एक तरी सजीव खूश असतं, असं म्हणायला हरकत नाही.

रात्र जुळली, आता ऋतू. पॉइन्सेटियाचं रानटी रूप मेक्सिकोच्या पॅसिफिक बाजूच्या डोंगरउतारांवर, पानगळीच्या कोरड्या जंगलात वाढतं. तिथेही पाऊस जूनमध्ये सुरू होतो, ऑक्टोबरला आवरतो आणि पुढचे महिने कोरडे जातात. सागवानाच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला हे वर्णन परकं वाटू नये. रानातलं हे झाड सडपातळ, उंच, विरळ फांद्यांचं असतं आणि कोरड्या मोसमात पानं झाडून उभं राहतं. अझ्टेक लोक त्याच्या लाल पानांपासून रंग काढत आणि चीक तापावर वापरत. सतराव्या शतकात तास्कोच्या आसपासच्या फ्रान्सिस्कन साधूंनी ते नाताळच्या मिरवणुकांत आणलं. डिसेंबरात रानात दुसरं इतकं लाल होतं तरी काय? पुढे जोएल पॉइन्सेट हा अमेरिकेचा मेक्सिकोतला पहिला राजदूत, 1825 ते 1829 तिथे असताना, झाडाच्या नादी लागला आणि त्यानं त्याची रोपं दक्षिण कॅरोलायनातल्या आपल्या घरी पाठवली. झेंडूही मेक्सिकोचाच. दसऱ्याचं तोरण तिकडून आलेलं आपल्याला चाललं, मग नाताळच्या झाडाला अंगणात जागा द्यायला काय हरकत आहे?

पण नर्सरीतली कुंडी रानातल्या झाडासारखी अजिबात दिसत नाही. ती बुटकी, गच्च, चारी बाजूंनी फुटलेली असते. हे रूप दोन गोष्टींनी घडवलेलं आहे.

पहिली गोष्ट कपाशीवाल्यांच्या ओळखीची. कपाशी नुसती माजायला लागली की वाढ रोखायला ‘लिहोसिन’ फवारतात ना, त्यातलं क्लोरमेक्वाट पॉइन्सेटियाच्या कुंड्यांवरही वापरतात. कांड्या आखूड राहतात, झाड टेबलावर मावतं. मातीत गेल्यावर त्याचा अंमल उतरतो. दुसऱ्या वर्षी झाड एकदम हातभर कांड्या टाकू लागलं, तर ‘आपण काहीतरी बिघडवलं’ असं वाटून घेऊ नये. ते मूळ पदावर आलं.

दुसरी गोष्ट ऐकून मी तरी थक्क झालो होतो. हा गच्चपणा म्हणजे एक रोग आहे. कॅलिफोर्नियातल्या एन्सिनिटास गावचं ‘एके’ (Ecke) आडनावाचं कुटुंब विसाव्या शतकात पॉइन्सेटियाच्या धंद्यावर राज्य करत होतं, कारण त्यांची झाडं इतरांपेक्षा जास्त फुटायची. त्यांची युक्ती कलमाची होती: सरळसोट झाडाचं भरपूर फुटणाऱ्या झाडावर कलम केलं, की तेही फुटायला लागतं. युक्ती पुढे संशोधकांनी उघड केली, पण कलमातून नेमकं जातं काय? 1997 मध्ये आय. एम. ली आणि सहकाऱ्यांनी उत्तर दिलं: फायटोप्लाझ्मा. पेशीभित्तिका नसलेला, झाडाच्या अन्नरसात राहणारा अतिसूक्ष्म जिवाणू. तो झाडाच्या शेंड्याचा वरचष्मा मोडतो, बाजूचे डोळे जागे होतात. रोप निर्जंतुक करून त्याला काढून टाकलं, तर झाड पुन्हा काठीसारखं सरळ. याच कुळीतले जिवाणू आपल्याकडे वांग्यावर बोकड्या आणतात, तिळाचा फुलोरा पानांचा करून टाकतात. वांग्यात त्या लक्षणांना आपण उपटून फेकतो. नाताळच्या कुंडीत त्याच लक्षणांचे पैसे देतो.

आता लागवड. माझं मत असं, की जानेवारीत मातीत घाई करू नये, भले नर्सरीवाला काहीही म्हणो. यवतमाळ जिल्ह्यातली जानेवारीची पहाट या झाडाला बोचते. पारा दहा अंशांपर्यंत उतरला की ते पानं टाकतं. आणि त्यातून सावरलं तर पुढ्यात विदर्भाचा मे. चव्वेचाळीस अंशांत, मुळं अजून कुंडीच्या गोळ्यातच असलेलं रोप कोण जगवणार? तेव्हा कुंडीतच ठेवा, सकाळचं ऊन मिळेल अशा जागी. होळीच्या आसपास लाल गळून गेलं की फांद्या वीतभर ठेवून छाटा. चीक वाहील, वाहू द्या. उन्हाळा सावलीत, बेताच्या पाण्यावर काढा. मृगाचे एक-दोन चांगले पाऊस होऊन जमीन निवली, की मग खड्डा घ्या.

खड्डा म्हणजे ढाणकीत बहुधा काळी जमीन. इथेच बहुतेक रोपं मरतात, आणि का ते समजून घेण्यासारखं आहे. कुंडीतला गोळा असतो कोकोपीटचा किंवा तशाच हलक्या मिश्रणाचा. भोवती काळी, चिकण, पाणी धरून ठेवणारी माती. पावसाळ्यात त्या खड्ड्यात पाणी साचतं आणि डोंगरउतारावरून आलेली मुळं सडतात. उन्हाळ्यात उलट होतं: काळी आकसते, भेगा पडतात आणि त्या भेगांबरोबर कोवळी मुळं तुटतात. म्हणून खड्ड्यापेक्षा उंचवटा बरा. सोयाबीनला रुंद वरंबा करतो त्याच विचारानं झाडाला वीतभर उंच ओटा करायचा. मातीत मुरूम आणि कुजलेलं शेणखत मिसळायचं. गोळ्याभोवती गुंडाळलेली मुळं बोटांनी मोकळी करायची, नाहीतर ती वर्षभर आपल्याच भोवती फिरत राहतात. जागा पूर्वेची, म्हणजे सकाळचं ऊन आणि दुपारी भिंतीची सावली. उन्हाळ्यात बुंध्याशी पाचटाचं किंवा गव्हांड्याचं आच्छादन घाला, भेगा कमी पडतात.

पावसाळ्यात शेंडे एक-दोनदा खुडले तर फांद्या वाढतात. पण पोळ्यानंतर कात्रीला हात लावायचा नाही. उशिरा छाटलं की नवे शेंडे रात्रीचा निरोप यायच्या वेळेला तयारच नसतात.

कुंडी अंगणात आणण्याआधी पानं उलटून बघा, विशेषतः घराला लागून पऱ्हाटी असेल तर. पांढरी माशी या झाडावर फार रमते. अमेरिकेत 1980 च्या दशकात फ्लोरिडातल्या पॉइन्सेटियाच्या काचघरांतूनच या माशीचा एक उपद्रवी प्रकार पुढे आला आणि नंतर कपाशी-भाजीपाल्याच्या शेतांवर तुटून पडला. आपल्या शिवारात माशी आधीपासून आहेच, आयती घरात आणायचं कारण नाही.

चिकाची भीती मात्र लोकांनी फुगवलेली आहे. 1919 मध्ये हवाईत एक मूल हे पान खाऊन मेलं, अशी कथा पसरली. तिला आधार नव्हता. अमेरिकेतल्या विषबाधा केंद्रांकडे आलेल्या बावीस हजारांहून अधिक नोंदी 1996 मध्ये तपासल्या गेल्या, त्यात एकही मृत्यू नव्हता. चिकानं कातडीला खाज सुटू शकते, डोळ्यात गेला तर आग होते, पोटात गेला तर मळमळ. शेराच्या चिकाच्या मानानं हे काहीच नाही. तरी शेळीला बांधून ठेवा.

छाटलेल्या फांद्या फेकू नका. पेन्सिलीएवढ्या जाडीचे, वीतभर लांबीचे तुकडे करा. चीक वाळू दिला आणि ओल्या वाळूत खोचले, तर त्यातले बरेच मूळ धरतात, आणि अंगातला तो फायटोप्लाझ्माही बरोबर घेऊन येतात. ढाणकीतल्या एखाद्या शाळेला यातून फुकटचा प्रयोग करता येईल. एकाच झाडाची दोन कलमं दोन सारख्या कुंड्यांत लावायची, पाणी-खत सारखं द्यायचं. सप्टेंबर संपला की एक कुंडी रोज संध्याकाळपासून रात्री अकरापर्यंत ओसरीच्या दिव्याखाली आणि दुसरी घरामागे, जिथे दिव्याचा कवडसाही पोचत नाही तिथे. दिवसा दोन्ही एकाच उन्हात. वहीत रोज फक्त वरच्या पानांचा रंग लिहायचा. दिव्याखालची कुंडी डिसेंबरात हिरवीच राहिली, तर नववीची मुलं गार्नर आणि अलार्डच्या शंभर वर्षांपूर्वीच्या प्रयोगाची उलटी बाजू स्वतः करून बसलेली असतील. फक्त एक काळजी घ्यावी लागेल: घरामागच्या कुंडीकडे रात्री मोबाइलचा टॉर्च मारत ‘लाल झालं का’ म्हणून कुणी बघायला जायचं नाही.